सात पागोटी आणि एक घागर

चिंतामणपंतांनी बैठकीवरून न उठता, तोंडातला विडा न बदलता, एका सकाळीत सात पुण्यवान माणसं हुडकून काढली! असं त्यांनी स्वतःच बायकोला सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा.

“सात?” सिंधू अंबाडीची भाजी निवडता निवडता म्हणाली. “पुण्यात आपल्या अख्ख्या आळीत एक सापडायची मारामार होती!”

“अगं, माणूस हुडकायला डोकं लागतं, पाय नव्हे! दुसरा कुणी असता तर उन्हातान्हात गावोगाव वणवणला असता. मी नत्थुजीला समोर उभा केला. विचारत गेलो, लिहीत गेलो. संपलं!”

“मग पेटी भरू की रिकामी करू, तेवढं सांगा.”

खरा प्रश्न हाच होता. चिंतामणपंत अमरावतीच्या कचेरीत कारकून होते, पण हंगामी. वैशाख सरला की मुदत सरणार, आणि मग बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला थोरल्या भावाच्या दारात जायचं. थोरली वहिनी जेवायला वाढताना पोळी मोजते, हे सिंधूला चांगलं ठाऊक होतं. म्हणून पेटी कोपऱ्यात अर्धी भरलेली, अर्धी रिकामी अशी महिनाभर तोंड वासून पडली होती.

“रिकामी कर!” पंत ऐटीत म्हणाले. “साहेब स्वतः बोललेत. सातों आदमी लाइन में खडा मांगता! सातही माणसं दरबारात उभी राहिली की चिंतामण कायम!”

आता हा दरबार कसला, ते सांगायला हवं. ती वर्षं कापसाची होती. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कापसाला असा भाव आला, की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या! अमरावतीहून अकोल्याकडे रात्रंदिवस गाड्यांची रांग. जो आधी पोचेल त्याचा भाव चढा, त्यामुळे थांबायला कुणाला सवड नाही. मोठे साहेब त्या रस्त्यानं एकदा भर उन्हात आले आणि त्यांच्या ध्यानात आलं, की एवढ्या पळापळीतही कुणीतरी वाटेवर विहीर बांधली आहे, कुणी आंबे लावलेत, कुणी पाणपोई घातली आहे. साहेब हरखले. असल्या लोकांना दरबारात बोलवा, खुर्ची द्या, पागोटं बांधा, असा हुकूम सुटला. यादी करायचं काम चिंतामणपंतांकडे आलं.

नत्थुजी हा कचेरीचा पट्टेवाला. अस्सल वऱ्हाडी, पन्नाशीचा. रस्त्यावरचा दगडन् दगड त्याच्या ओळखीचा. त्याची एकच खोड होती. विचाराल तेवढंच तो सांगायचा. वर एक अक्षर नाही!

“मूर्तिजापूरच्या वाटेवरची विहीर कोणाची, नत्थुजी?”

“रामरावची जी.”

“आणि बडनेऱ्याच्या पुढं लिंबाखाली पाणपोई आहे ती?”

“थे खुशालरावची.”

अशी सात कामं, सात नावं. पंतांनी ती वळणदार अक्षरात उतरवली, शिरस्तेदार मोरोपंतांच्या हाताखालून यादी साहेबांकडे गेली, साहेबांनी सही ठोकली. एक प्रत वरच्या कचेरीत गेली, सात सनदांवर सात नावं सोनेरी शाईनं चढली. साहेबांनी दरबाराचा दिवस ठरवला, वेळ ठरवली दुपारी बाराची, आणि स्वतः थंड हवा खायला चिखलदऱ्यावर निघून गेले. नत्थुजी मोहोरबंद लखोटे घेऊन रस्त्याला लागला.

सहाव्या दिवशी तो परत आला.

“दिलेस सगळे?” पंतांनी विचारलं.

“देल्ले जी. सात्ही.”

“काय म्हणाली मंडळी?”

“काई नाई म्हनली. लखोटा डोक्शाले लावला. रडली.”

“आनंदानं रडायचीच! सरकारातून बोलावणं येतं म्हणजे काय चेष्टा आहे? बरं, रामरावांचं वय काय असेल? हात धरून चढवावं लागेल का त्यांना?”

नत्थुजी विचारात पडला. “आता वय कसं सांगू बाप्पा? गेले तवा साठीचे होते.”

“गेले? कुठं गेले?”

नत्थुजीनं बोट वर केलं.

पंतांनी वर पाहिलं. छताला एक पाल होती. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि हातातला बोरू गळून धोतरावर पडला.

“रामराव... मेलेत?”

“पाच वरसं झाली जी.”

“मग लखोटा दिलास कुणाला?”

“त्याह्यलेच देल्ला. देवघरात त्याह्यचा चांदीचा टाक हाय, त्याच्यापुढं ठेवला. सूनबाईनं हळदकुंकू वाह्यलं.”

पंतांनी यादीवर बोट ठेवलं. “आणि... खुशालराव?”

“थे बी गेले.”

“बाकीचे पाच?”

“पाच्ही.”

 पंत एकदम ओरडले, “अरे मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुमी इचारलं इहीर कोनाची. म्या सांगतलं कोनाची. जित्ता हाय का मेला, थे कुठं इचारलं?” नत्थुजी उलट पंतांनाच समजावू लागला. “पान्याचं काम जित्या मानसाच्या नावानं कोन करते जी? मेलेल्याले तहान लागते. त्याच्या नावानं कोनाले पानी पाजलं का त्याले पोचते. आमच्या इकडं लेकरालेबी ठाऊक हाय!”

ते बिचाऱ्या पुणेकराला ठाऊक नव्हतं! त्यानं सरकारी मोहोर लावून सात मेलेल्या माणसांना जेवणाच्या आमंत्रणासारखं दरबाराचं बोलावणं धाडलं होतं. आणि यादीत खाडाखोड करावी, तर साहेबांना खाडाखोडीचा असा तिटकारा, की मागल्या वर्षी एका कारकुनानं एक आकडा खरवडला, तो आता कुठल्या गावी असतो हेही कुणाला माहीत नव्हतं.

पंत मोरोपंतांकडे धावले. मोरोपंतांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शांतपणे तपकीर ओढली.

“यादी कोणाची?”

“माझी.”

“सही कोणाची?”

“साहेबांची.”

“मग माझं काय काम त्यात? तुम्ही बोलावलंत, येतील ते!” मोरोपंत म्हणाले, आणि शिंकले.

एकच मार्ग उरला होता. घरच्यांना गाठायचं, पाया पडायचं, आणि कुणातरी भावाला, मुलाला, पुतण्याला मेलेल्याच्या नावानं “हाजर” म्हणायला उभं करायचं. पंत नत्थुजीला घेऊन दमणीतून निघाले. बैठकीवरून न उठता केलेलं काम आता बैलांच्या शेपटीमागं बसून निस्तरायची पाळी आली होती!

बडनेरा मागं पडलं आणि बाराचं ऊन डोक्यावर आलं. तुम्हाला सांगतो, वऱ्हाडातली उन्हाळ्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही, त्यानं भुतांच्या गोष्टी रात्रीच्या सांगाव्यात. इथं रात्री बरं असतं. दुपारीच छाती दडपते! काळी जमीन भेगाळून पडलेली, वर पाखरू नाही, वारा नाही. गाड्यांमधून उडालेला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींना लटकलेला, त्यामुळे बाभळी पांढरं पातळ नेसलेल्या बायकांसारख्या रांगेनं उभ्या. मधूनच लांब शेतात एखादी वावटळ उठे, गरगरत रस्त्यापर्यंत येई, आणि कुणी हटकल्यासारखी जागच्या जागी बसे.

“नत्थुजी, काहीतरी बोल रे!” पंत कासावीस होऊन म्हणाले.

“बाराच्या टायमाले या वाटेवर बोलत नसते जी,” नत्थुजी म्हणाला, आणि पुढं खरंच बोलला नाही.

लिंबाखाली तीन रांजण मातीत पुरले होते. शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. ती मैनाबाई, खुशालरावांची बायको. घरची चार एकर जमीन दिरांना बटाईनं देऊन ती दर उन्हाळ्यात इथं येऊन बसायची. पंतांना पाहून तिनं पदर सावरला, ओगराळं रांजणात बुडवलं, आणि भरलेला पहिला पेला पंतांच्या हातात न देता रस्त्याच्या कडेला, मातीवर ठेवला. दुसरा पेला पंतांना दिला.

“तो कुणाचा?” पंतांनी विचारलं.

“त्याह्यचा.”

पंत गटागटा पाणी प्याले. मग कळवळून सगळी हकिकत सांगितली. “बाई, तुमच्या दिरांना पाठवा. नुसतं उभं राहायचं आणि हाजर म्हणायचं. माझं पोट आहे हो यावर!”

मैनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. “दीर कावून पाठवू? त्याह्यले बोलावलं, तं थे येतीन.”

“कोण... ते?”

“ज्याह्यच्या नावाचा लखोटा आला थे.” तिचा आवाज अगदी साधा होता, जणू नवरा बाजाराला गेला आहे आणि तासाभरात परतणार आहे. “सरकारचा हुकूम हाय. अन् दिवस बी अखजीचा धरला तुमच्या सायबानं. अखजीले तं येतेतच सारे.”

 घाईगडबडीत पंतांनी तारीख पंचांगात पाहिलीच नव्हती! दरबाराचा दिवस अक्षय तृतीयेचा निघाला होता. पितरांना पाण्याची घागर द्यायचा, जेवू घालायचा दिवस!

“दोन सालांमागं याच जागेवर पडले थे,” मैनाबाई रस्त्याकडे पाहत म्हणाली. “कापसाची गाडी घेऊन अकोल्याले निंगाले होते. भोवळ आली, खाली पडले. मागून चाळीस गाड्या गेल्या, सायब. चाळीस! पानी पानी करत होते. कोनी थांबलं नाही. थांबला तं मागचा म्होरं जाते ना. नुसता आमचा सर्जा बैल उभा राह्यला त्याह्यच्यापाशी, सांजपर्यंत.”

 पंतांना त्या बाईची फार दया आली, आणि आपल्या सोनेरी शाईची लाज वाटली.

“तिथं बसायच्या जागेपाशी पान्याची घागर ठेवसान ना?” तिनं विचारलं. “लांबून येतीन. तहान लागन.”

“ठेवतो,” पंत म्हणाले. उठताना त्यांची नजर मातीवरच्या पहिल्या पेल्याकडे गेली. पेला रिकामा होता. उन्हानं आटला असेल. त्या उन्हात काय आटणार नाही! पण पंतांनी दमणीत चढेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही.

बाकीच्या सहा घरीही हेच उत्तर मिळालं. कुठं वाद नाही, घासाघीस नाही. “येतीन जी!” एवढंच. रामरावांच्या सुनेनं तर विचारलं, की खुर्चीवर गादी असते का, त्यांना मूळव्याध होती!

पंत घरी आले ते दारातूनच म्हणाले, “सिंधू, सातही जण येतायत.”

“मग तोंड असं का झालंय?”

पंतांनी सांगितलं. सिंधूनं ऐकलं, आधी त्यांना अंगणातच दोन घागरी पाण्यानं आंघोळ घातली, मग आत घेतलं. “मेल्या माणसांना आवतण! आणि ते येतो म्हणतात! अहो, एकवेळ वहिनींची पोळी परवडली!” असं म्हणून तिनं पेटीत आणखी दोन लुगडी टाकली.

अक्षय तृतीया उजाडली. मैदानात शामियाना, पुढं सात खुर्च्या, सातव्या खुर्चीपाशी लाल मातीची घागर. साहेब आदल्या दिवशीच उतरले होते. मंचावर सात पागोटी थाळ्यांत मांडली होती. माणसं हजारभर जमली, पण चूं नाही की चां नाही! एरवी दहा वऱ्हाडी जमले की कान किटतात. आज सगळे टक लावून त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते. पंत मंचाच्या कोपऱ्यात यादी धरून उभे होते आणि यादी आपोआप फडफडत होती. वारा तर नव्हता.

बाराचे टोल सुरू झाले. मैदानाच्या पलीकडे धूळ उठली.

धुळीतून एक माणूस आला. पांढरंशुभ्र धोतर, कपाळभर गंध, गळ्यात हार, डोळे समोर लागलेले. लोक बाजूला सरले. एक म्हातारी पुढं झाली आणि त्याच्या पायावर कोसळली. “आले वं माय! आले!” त्याच्यामागं दुसरा आला. मग तिसरा.  सहा जण एकामागं एक खुर्च्यांपाशी आले आणि मुकाट बसले.

“नत्थुजी,” पंतांनी त्याची बाही ओढली, “तो पहिला कोण?”

नत्थुजीनं हात जोडले होते. “रामराव जी.”

“मेलेले?”

“हो जी.”

“आणि हे काय मग?”

“आले ना!”

साहेबांनी मोरोपंतांना खूण केली. मोरोपंतांनी नाव पुकारलं, “रामराव!”

“हाजर!” पहिला माणूस उठला. गर्दीतून उमाळा फुटला. साहेबांनी स्वतःच्या हातानं पागोटं चढवलं.  मेलेला माणूस पंतांच्या पुढ्यातून, हातभर अंतरावरून चालत गेला, आणि जाता जाता त्यानं डावा कान खाजवला.

पंत चमकले. ती कान खाजवायची तऱ्हा! “अरे! हा तर चंद्रभान! कचेरीपुढं फुटाणे विकतो तो! काल माझ्याकडून उधारी वसूल करून गेलाय!”

“सूऽऽ! काल चंद्रभान होता. आज पित्तर हाय.”

“म्हणजे?”

“अखजीले जित्या मानसाले पित्तर बसवतेत जी, मेलेल्याच्या जागी! पाय धुतेत, गंध लावतेत, त्याच नावानं हाक मारतेत. घागर देतेत, जेवू घालतेत. त्या दिसापुरता थो मानूस खरा नसते, मेलेलाच असते. उद्या पुन्हा फुटाने इकन.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं रे तुला?”

“तुमी मैनाबाईले इचारलं कोन येईन. इचारलं नाही, कसे येतीन!”

पंतांच्या जिवात जीव आला! त्यांना नत्थुजीला मिठी मारावीशी वाटली. भूत नाही, खेत नाही, नुसता रिवाज! एकेक नाव होत होतं, एकेक हाजर उमटत होता. चार. पाच. सहा. नोकरी कायम! पेटी रिकामी! वहिनीची पोळी वहिनीला लखलाभ!

“खुशालराव!” मोरोपंतांनी पुकारलं.

कुणी उठलं नाही. सातवी खुर्ची रिकामीच होती.

“नत्थुजी, यांचा पित्तर कुठाय?”

“कोनी तयार होत नाही जी. तहानेनं गेलेल्याची तहान उतरते म्हनतेत अंगात. गेल्या साली एक बसला होता. घागरभर पानी पेला एका दमात, अन् महिनाभर तापानं फनफनला. दीर बी तयार नाहीत, तं दुसरं कोन बसते?”

पंतांनी गर्दीकडे पाहिलं. मागं एका बाजूला मैनाबाई उभी होती. डोक्यावर शिदोरीचं टोपलं. ती खुर्चीकडे बघतच नव्हती. अकोल्याच्या वाटेकडे बघत होती. तिला खरंच वाटत होतं, की तो तिकडून स्वतः चालत येणार आहे.

“खुशालराव!” दुसऱ्यांदा पुकारा झाला. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. त्यांचं नाक लाल व्हायला लागलं होतं. मैदानाच्या कडेला एक वावटळ उठली आणि गरगरत शामियान्याकडे यायला लागली. लोक दोन पावलं मागं सरले. मैनाबाई तेवढी पुढं झाली.

चाळीस गाड्या गेल्या, पंतांना आठवलं. आणि आता हजार माणसं उभी आहेत, त्यातलाही कुणी पुढं होत नाही.  नोकरीची भीती तर होतीच, खोटं कशाला सांगा! पण त्या घटकेला भीती कुठली आणि माया कुठली, हे त्यांनाही निवडता आलं नसतं.

“खुशालराव!” तिसरा पुकारा.

“हाजर!”

हा आवाज कुणाचा, म्हणून पंतांनी मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. हजार माणसं त्यांच्याकडेच बघत होती!

मोरोपंतांचा चष्मा नाकावरून सटकला. पंत मात्र पाय ओढत पुढं गेले. साहेबांनी त्यांना ओळखलं नाही. कसे ओळखणार? वर्षभर त्यांनी पंतांची फक्त खाली वाकलेली पगडी पाहिली होती. ती पगडी काढली, पागोटं बांधलं, की खुशालराव तयार! “बहुत अच्छा काम किया, खुशालराव,” साहेब म्हणाले. “पानी पिलाना, बडा काम.”

पागोट्याचा शेवटचा वेढा बसला, आणि पंतांच्या घशात जाळ पेटला. तहान! अशी तहान त्यांना जन्मात लागली नव्हती. जीभ टाळ्याला चिकटली, डोळ्यांपुढं काळी भेगाळलेली जमीन आली. ते धडपडत सातव्या खुर्चीपाशी आले. मैनाबाई घागर घेऊन उभीच होती. तिनं ओतली, पंत ओंजळीनं प्याले. प्याले, प्याले, घागर उपडी झाली. मग त्यांनी तोंड पुसलं आणि विचारलं,

“सर्जाले पाजलं काय?”

आपण हे काय बोललो, हे पंतांना कळायच्या आत मैनाबाईच्या हातून घागर गळाली. पुणेरी पंतांनी उभ्या जन्मात “ले” लावून एक शब्द उच्चारला नव्हता! सर्जाचं नाव ऐकलं होतं खरं, पण ते तोंडात आलं कसं, ते देव जाणे. नत्थुजी दोन हात मागं सरकला.

मैनाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “पाजलं जी,” ती म्हणाली. “रोज पयले त्यालेच पाजते.”

तिनं मैदानाच्या कडेच्या एका लिंबाच्या सावलीत पाट मांडला, टोपलं सोडलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. पंत भानावर आले. “बाई, अहो, मी ब्राह्मण. मोरोपंत बघतायत तिकडून!”

“मी कोनाले वाढून राह्यली?” तिनं विचारलं. “खुशालरावले. तुमी कोन?”

 पंत पाटावर बसले. पहिला घास तोंडात गेला, आणि नेमकं तेव्हा मंचावर साहेब पुन्हा उभे राहिले.

“एक बात और!” साहेबांचा आवाज मैदानभर गेला. “ऐसा अच्छा लिस्ट जिसने बनाया, उस कारकून को हम आज कायम करता है! चिंतामण!”

पंत उठायला गेले. नत्थुजीनं खांदा धरून खाली बसवलं.

“कुठं चालले? पित्तर जेवता जेवता उठत नसते जी!”

“अरे मला बोलावतायत!”

“चिंतामनले बोलावून राह्यले. तुमी खुशालराव. आता दुसऱ्या नावाले ओ देल्ली, का खुशालराव उपाशी उठले. पुन्हा तहानले जातीन.”

“चिंतामण!” दुसरा पुकारा झाला.

पंतांनी मैनाबाईकडे पाहिलं. तिनं पोळीवर तूप वाढायला पळी उचलली होती, ती तशीच हातात धरली होती.  नुसती बघत होती, हा माणूस आता उठतो की बसतो.

पंतांनी दुसरा घास तोंडात घातला. डोळ्यांत पाणी होतं, पण घास गोड लागला.

“चिंतामण!” तिसरा पुकारा.  मोरोपंतांनी चष्मा सारखा केला, लिंबाखालच्या पागोट्याकडे एक नजर टाकली, आणि सावकाश तपकिरीची चिमूट भरून म्हणाले, “गैरहजर, साहेब.”

साहेबांचं नाक टमाट्यासारखं झालं. “ऐसे दिन गैरहजर? वैशाख के बाद छुट्टी!”

दिवेलागणीला पंत घरी आले. सिंधू दारातच उभी होती.

“अगंबाई! हे पागोटं कुणाचं?”

“खुशालरावांचं.”

“सातही जण आले?”

“आले.”

“मग कायम झालात का?”

पंत ओट्यावर टेकले. “झालो.”

“खरंच? कचेरीत?”

“नाही गं. मैनाबाईंकडे. दर अखजीला पुण्याहून यायचं ठरलंय.”

सिंधूनं कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली.

पंतांनी तांब्यात डोकावून पाहिलं.

“घागरच आण,” ते म्हणाले.